पक्षी कसा मेला, हे आधी विचारणारा माणूस

हिंगोली जिल्ह्यातल्या जवळा बाजारच्या शिवारात एका आखाड्यावर तीन वर्षं एक टर्की नर होता. विकत आणलेल्या चार पिलांपैकी तेवढाच जगला होता. हळदीच्या सऱ्यांमधून तो पिसारा फुलवून फिरायचा आणि वाटेनं मोटारसायकल गेली की घशातून गुडगुड करत तिला उत्तर द्यायचा. गेल्या हिवाळ्यात एका रात्री कुत्र्यांनी त्याला धरलं. सकाळी त्या घरचा आठवीतला मुलगा पोत्यात गुंडाळलेला पक्षी घेऊन माझ्या दारात उभा राहिला. "सर, ह्याला ठेवता येईल का? म्युझियममध्ये असतो तसा?"

मी आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलं, म्हणून तो माझ्याकडे आला. पण त्याला लगेच हो किंवा नाही म्हणता येईना. हिवाळ्यात रिकामा पडलेला एका कोल्ड्रिंकवाल्याचा डीप फ्रीजर मिळाला. पक्ष्याची पिसं सरळ बसवली, चोचीत कापूस घातला, डोकं पंखाखाली वळवलं, वरून जुना पायमोजा चढवला आणि दोन प्लास्टिक पिशव्यांत गुंडाळून तो गोठवायला ठेवला. एवढं केलं की निर्णयाला सवड मिळते. तसाच उघडा ठेवला असता, तर दुपारपर्यंत पोटाचं कातडं हिरवं पडून पिसं हातात आली असती. मग जगातल्या कुठल्याही कारागिराचा उपयोग नव्हता.

मुलाच्या आजीला या सगळ्याचं फारसं नवल वाटलं नाही. "आमच्या वक्ताला वासरू मेलं की त्याच्या कातड्यात पेंढा भरायचे अन् गाईपुढं ठिवायचे. गाय चाटायची अन् पान्हा सोडायची," त्या म्हणाल्या. मराठवाड्यातल्या जुन्या घरांत ही आठवण अजून निघते. माझ्या मते ज्याला पुस्तकी मराठीत चर्मपूरण आणि बोलताना टॅक्सिडर्मी म्हणतात, ती विद्या आपल्या गोठ्यात होतीच. फरक एवढाच की गाईला वास पुरतो, माणसाच्या डोळ्याला आकार लागतो. म्हणून चांगल्या टॅक्सिडर्मीत भुसा किंवा पेंढा भरतच नाहीत. कातडं पिसांसकट उतरवतात, चरबी खरवडतात, धुऊन वाळवतात. मग मूळ धडाच्या मापाचं दुसरं धड फोमचं किंवा लाकडाच्या तंतूंसारख्या ढलप्या दोऱ्यांनी आवळून बनवतात, पायांतून, पंखांतून आणि मानेतून तार घालतात, काचेचे डोळे बसवतात आणि कातडं त्यावर चढवून शिवतात. कारागिराचं खरं काम आत लपलेल्या त्या दुसऱ्या धडात असतं. छाती किती खाली उतरते, मांडी कुठे वळते, हे ज्यानं जिवंत पक्ष्यात पाहिलेलं नाही, त्याचा मोर बदकासारखा उभा राहतो.

हे मी ठेच खाऊन शिकलो. वर्गात दाखवायला म्हणून मी एकदा एकाकडून गावठी कोंबडा तयार करून घेतला होता. पैसे आधी दिले आणि त्याचं आधीचं काम पाहिलं नाही. कोंबडा आला तेव्हा दिसायला झकास होता. पहिल्याच पावसाळ्यात मानेखालून तेल झिरपून पिसं पिवळी, चिकट झाली. दिवाळीपर्यंत लाकडी फळीवर केसाळ अळ्यांनी पाडलेला भुगा दिसू लागला. कातड्याची चरबी नीट काढलेलीच नव्हती. त्या माणसानं मला एकही प्रश्न विचारला नव्हता, आणि तेव्हा मला ते सोयीचं वाटलं होतं.

आज कोणी मला पक्षी कोणाकडे द्यावा असं विचारलं, तर मी सांगतो की जो आधी 'हा मेला कसा?' असं विचारतो, त्याच्याकडे द्या. त्या प्रश्नामागे तीन कारणं असतात आणि तिन्ही सारखीच महत्त्वाची.

पहिलं कारण कायद्याचं. अमेरिकेत रानटी टर्कीची शिकार हंगामात, परवाना घेऊन करता येते. शिकारी पक्ष्याला लावायची खूणचिठ्ठी जपून टॅक्सिडर्मिस्टला दाखवतो आणि पसरलेल्या पिसाऱ्याचा नर दिवाणखान्यात उभा करतो. तिथे बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा १९३७ च्या एका कायद्यानं वन्यजीव वाढवण्यासाठी राखून ठेवला आहे, आणि संपत चाललेली रानटी टर्की पुन्हा लाखोंच्या संख्येनं रानात आली, त्यात या पैशाचा मोठा वाटा आहे. आपल्याकडची वाट वेगळी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीचं दार बंद केलं. २०२२ च्या दुरुस्तीनं परिशिष्टं नव्यानं मांडली, आणि ती दुरुस्ती एप्रिल २०२३ पासून लागू आहे. मोर पहिल्या परिशिष्टात आहे. त्याची शिकार केली तर किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. तितर, लाव्हे हेही संरक्षित आहेत. शिवाय वन्यप्राणी आपोआप मेला तरी तो सरकारचा असतो, ज्याला सापडला त्याचा नव्हे. त्याचं कातडं कमावायला किंवा त्याला उभं करायला मुख्य वन्यजीव रक्षकाचा परवाना लागतो. टर्की मात्र आपल्याकडे कोंबडीसारखा पाळीव पक्षी आहे. या कायद्याच्या यादीत तो नाही, म्हणून त्या मुलाची मागणी रास्त होती. पण पिशवी उघडायच्या आधी आत टर्की आहे की लांडोर, आणि ती कुठून आली, याची खात्री जो करून घेत नाही, तो उद्या तुम्हालाही कोर्टाच्या पायरीवर नेईल.

दुसरं कारण रोगाचं, आणि ते आमच्या भागाला नव्यानं सांगायला नको. जानेवारी २०२१ मध्ये परभणी तालुक्यातल्या मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या पटापट मेल्या आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. मुरुंबा आमच्या शेजारच्याच जिल्ह्यात आहे. कुठलीही जखम नसताना अचानक मेलेला पक्षी सोलायला घेणं म्हणजे तो रोग नाकातोंडाशी आणणं. अशा पक्ष्याला हातही लावू नये, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावं. हौस तिथेच सोडून द्यावी. आमच्या टर्कीच्या मानेवर कुत्र्याच्या दातांच्या खुणा स्पष्ट होत्या, म्हणून तर मी पुढचा विचार केला.

तिसरं कारण कारागिरीचं. छर्रे कुठे लागले, कुत्र्यानं कुठे धरलं, किती वेळ उन्हात पडला, यावरून कातडं किती फाटलंय आणि पिसं कुठली गेलीत हे ठरतं. त्यावरून पक्षी उभा करायचा, उडता करायचा की नुसता पिसारा वाचवायचा, हे जाणता माणूस सुचवतो.

टर्कीच्या बाबतीत आणखी एक कसोटी आहे, ती डोक्याची. बाकी सगळा पक्षी पिसांनी झाकलेला असतो. मोठ्या नराच्या अंगावर साडेपाच हजारांच्या आसपास पिसं असतात, थोडी चूक त्यांत लपून जाते. डोकं मात्र उघडं असतं: चोचीवर लोंबणारी मांसल सोंड, गळ्याखाली गाठींची झालर. जिवंतपणी हे डोकं क्षणात लाल, क्षणात पांढरं, क्षणात निळं होतं. जहांगीर बादशहासाठी मुकर्रब खानानं १६१२ मध्ये गोव्याहून जी नवलाची जनावरं आणली, त्यांत एक टर्की होता. बादशहानं आपल्या आठवणींत त्याच्या रंग बदलणाऱ्या डोक्याची तुलना सरड्याशी केली आणि चित्रकार मन्सूरला त्याचं चित्र काढायला सांगितलं. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. टर्की उभा करणाऱ्यानं मन्सूरचं ते चित्र एकदा तरी निरखून पाहायला हवं, असं मला मनापासून वाटतं. डोक्याची एक-एक सुरकुती त्यानं नोंदली आहे.

मेल्यावर हे रंग तासाभरात उतरतात आणि कातडी वाळून आक्रसते. म्हणून टॅक्सिडर्मिस्टकडे दोनच रस्ते असतात. एक, खरं डोकं गोठवून निर्वातात सुकवायचं आणि मग रंगवायचं. सुरकुत्या खऱ्या राहतात, पण किडे लागण्याची भीती असते. दुसरा, साच्यातून काढलेलं राळेचं डोकं बसवायचं. त्याला कीड लागत नाही, पण ते तुमच्याच पक्ष्याचं डोकं नसतं. कुठला रस्ता तो घेणार आहे हे आधी विचारा, आणि त्यानं रंगवलेलं जुनं डोकं पाहायला मागा. नवीन नको, निदान दोन पावसाळे काढलेलं हवं. रंग सपाट, एकसारखा लावलेला दिसला तर पुढं बोलू नका. मग पाय पाहा: बोटं फळीला टेकलेली असावीत, हवेत नसावीत. शेपटीची अठरा पिसं मोजा. पिसं उलटी फुंकून बघा, खाली कातडं कोरडं आणि स्वच्छ दिसलं पाहिजे. वास घ्या. डोळ्याभोवतीची पापणी पाहा, कारण घाई करणारा माणूस पापणीत पकडला जातो. काम द्यायला किती महिने लागतील असं विचारलं आणि उत्तर 'आठवड्यात देतो' असं आलं, तर नमस्कार करून निघा.

अशी माणसं आहेत कुठे? म्हैसूरच्या व्हॅन इंजन घराण्याचा जगप्रसिद्ध कारखाना १९९९ मध्ये बंद झाला. शिकारीचा काळ संपल्यावर तो किती दिवस चालणार होता? कोल्हापूरच्या नवीन राजवाड्यात उभे असलेले वाघ-बिबटे त्याच संपलेल्या काळाचे. आणि हे सांगायलाच हवं की जुन्या राजवाड्यांत आणि शाळांच्या कपाटांत उभ्या असलेल्या अशा प्राण्यांना उघड्या हातांनी कुरवाळू नका. त्या काळी कातड्याला सोमलाचा साबण लावण्याची सर्रास पद्धत होती, आणि ते विष उडून जात नाही. आज त्याच्या जागी टाकणखार, म्हणजे बोरॅक्स वापरतात.

महाराष्ट्रात आज या विद्येचं नाव घ्यायचं तर डॉ. संतोष गायकवाड यांचं. परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात ते शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक. २००३ मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात मांडलेले प्राणी-पक्षी पाहून त्यांना या कामाची ओढ लागली आणि पक्ष्यांवर हात बसवत ते स्वतःच शिकत गेले. २००९ मध्ये बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात टॅक्सिडर्मी केंद्र सुरू झालं आणि तिथे प्राणिसंग्रहालयांत मेलेले वाघ, सिंह, बिबटे रीतसर परवानगीनं पुन्हा उभे राहू लागले. मला यात सर्वांत महत्त्वाचं हे वाटतं की ते आधी शरीर शिकलेले आहेत, नंतर कातडं. स्नायू कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे ज्याला पाठ आहे, त्याच्या हातचा प्राणी श्वास रोखून उभा असल्यासारखा दिसतो.

मुंबईतल्याच दुसऱ्या एका घटनेनं भारताला पक्षिशास्त्रज्ञ दिला. १९०८ मध्ये छर्ऱ्याच्या बंदुकीनं पाडलेली पिवळ्या गळ्याची चिमणी ओळखायला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेलेल्या मुलाला सचिव मिलर्ड यांनी कपाटं उघडून जतन केलेल्या पक्ष्यांच्या रांगा दाखवल्या. तो मुलगा सालिम अली. पुढे १९३१ मध्ये त्यांनी निजामाच्या हैदराबाद संस्थानाचं पक्षी सर्वेक्षण हाती घेतलं. आजचा हिंगोली जिल्हा तेव्हा त्याच संस्थानाच्या परभणी जिल्ह्यात होता. संशोधनासाठी ठेवलेला पक्षी उभा नसतो. तो पाठीवर झोपवलेला, डोळ्यांच्या जागी कापूस आणि पायाला चिठ्ठी बांधलेला असतो. चिठ्ठीवर तारीख, गाव, नर की मादी. दिवाणखान्यातल्या शोभेपेक्षा ही चिठ्ठी मला जास्त मोलाची वाटते. तुम्ही कधी पक्षी तयार करून घेतलाच, तर अशी चिठ्ठी त्याच्या पायाला बांधायला लावा.

आमच्या टर्कीचं काय झालं? मुंबई इथून पाचशे किलोमीटरच्या वर. बर्फाच्या खोक्यात घालून रेल्वेनं न्यायचा म्हटला तरी वाटेत तो वितळण्याचा धोका, खर्च वेगळा, आणि मानेचं कातडं फाटलेलं. मी त्या मुलाला खरं ते सांगितलं: अख्खा पक्षी सोड, पिसारा वाचव. मग आम्ही दोघांनी हातमोजे घालून आणि तोंडाला फडकं बांधून ते केलं. शेपटी बुडख्यासकट कापली, वरच्या बाजूची तेलाची गाठ आणि होतं तेवढं मांस, चरबी काढून टाकली, उघड्या भागाला टाकणखार चोळून भरला. थर्माकोलच्या तक्त्यावर पिसारा पंख्यासारखा पसरून, कागदाच्या पट्ट्या आणि टाचण्यांनी धरून, सावलीत, मुंग्या लागणार नाहीत अशा ठिकाणी तीन आठवडे ठेवला. कुत्र्यांच्या झटापटीत दोन पिसं गेली होती, सोळा राहिली. उरलेला पक्षी बांधाच्या कडेला खोल खड्ड्यात चुना टाकून पुरला. पिसाऱ्याखाली मुलानं स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लावली आहे: टर्की, नर, पाळीव, जवळा बाजार, आणि ती तारीख.

हे घरी करता आलं, कारण तो टर्की होता. शेतात मेलेला मोर दिसला तर यातलं काहीही करू नका. पिसारा उपटू नका, उचलून घरी नेऊ नका. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा आणि वनरक्षक येईपर्यंत कुत्री हाकत तिथेच थांबा.