गावची जागा, कुणाचा निर्णय?

भगूर, सिन्नर, येवला, मनमाड... नाशिक जिल्ह्यातल्या या नगरपरिषदांच्या मालमत्तेला 1965 चा महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम लागू आहे. त्यातील मुख्य तरतुदी :

• विक्री : स्थावर मालमत्तेच्या हस्तांतरणासाठी राज्य शासनाची मंजुरी लागते.

• ठराव : त्यासाठी एकूण नगरसेवकांपैकी किमान दोन तृतीयांश जणांचा पाठिंबा हवा, हजर सदस्यांचं साधं बहुमत पुरत नाही.

• भाडेपट्टा : तीन वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा परिषद स्वतः देऊ शकते, पण भाडेकरूला पक्कं बांधकाम करता येत नाही.

• अंकुश : बेकायदा ठरावाची अंमलबजावणी जिल्हाधिकारी रोखू शकतात.

• नागरिक : परिषदेची सभा सर्वसाधारणपणे लोकांना खुली असते. बाजारातला गाळा असो वा मोकळा भूखंड, मालमत्ता गावाची आहे. म्हणून सभेला जरूर बसा.