नवे ग्राफिक्स कार्ड : आता घ्यावे की थांबावे?

पुढच्या पिढीच्या ग्राफिक्स कार्डांची चर्चा सुरू झाली की संगणकावर गेम खेळणाऱ्या प्रत्येकासमोर तोच प्रश्न उभा राहतो. आज पैसे खर्च करावेत, की आणखी काही महिने कळ काढावी? आज घेतलेले कार्ड सहा महिन्यांत जुने ठरेल ही एक धास्ती, आणि थांबलो तर भाव चढतील ही दुसरी. मध्यम प्रतीच्या कार्डालाही आज तीस हजार रुपयांच्या पुढे मोजावे लागत असल्याने सामान्य कुटुंबाच्या दृष्टीने हा निर्णय किरकोळ नाही.

महानगरापेक्षा तालुक्याच्या गावात हा प्रश्न अधिक अवघड होतो. मध्य प्रदेशातील पांढुर्णा आणि सौंसर यांचे उदाहरण घेऊ. २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून हे तालुके वेगळे काढून पांढुर्णा जिल्हा निर्माण झाला. गोव्याप्रमाणेच हाही महाराष्ट्राबाहेरचा मराठी मुलूख. संत्री आणि कापूस ही येथील महत्त्वाची पिके, आणि मोठ्या खरेदीचे शहर म्हणजे राज्याच्या सीमेपलीकडचे नागपूर. पांढुर्णा नागपूर-इटारसी लोहमार्गावर आहे, तर सौंसर नागपूर-छिंदवाडा मार्गावर. कार्ड प्रत्यक्ष पाहून घ्यायचे तर सीताबर्डी गाठावी लागते, अन्यथा ऑनलाइन मागवावे लागते. आपल्याकडील सत्तरी किंवा काणकोणातल्या तरुणाची स्थिती याहून फारशी वेगळी नाही.

अशा घरांत पैसा हंगामाने येतो. संत्र्याच्या आंबिया बहराची फळे साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरात निघतात, मृग बहराची फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. आपल्याकडे काजूच्या बागायतदाराचे गणितही असेच हंगामाशी बांधलेले असते. ग्राफिक्स कार्डांच्या पिढ्या मात्र परदेशी कंपन्यांच्या वेळापत्रकाने येतात. या दोन हंगामांचा मेळ क्वचितच बसतो. हाती पैसा असतो तेव्हा बाजारातले कार्ड जुने होत आलेले असते, आणि नवे कार्ड येते तेव्हा तो पैसा खते, मजुरी आणि महाविद्यालयाच्या शुल्कात गेलेला असतो. त्यामुळे थांबणे फुकट असते, हा समज आधी दूर करायला हवा.

पिढ्यांचा हिशेब

एनव्हिडिया या कंपनीच्या गेल्या पाच पिढ्यांच्या तारखा पाहिल्या तर एक लय दिसते. जीटीएक्स १० मालिका मे २०१६ मध्ये आली, आरटीएक्स २० सप्टेंबर २०१८ मध्ये, आरटीएक्स ३० सप्टेंबर २०२० मध्ये, आरटीएक्स ४० ऑक्टोबर २०२२ मध्ये आणि आरटीएक्स ५० जानेवारी २०२५ मध्ये. दोन पिढ्यांतील अंतर २४ ते २८ महिन्यांचे राहिले आहे. हीच लय टिकली तर पुढची पिढी २०२७ च्या पूर्वार्धात अपेक्षित धरता येईल. हा आपला अंदाज झाला. कंपनीने गेमिंगच्या पुढील कार्डांची तारीख वा किंमत जाहीर केलेली नाही.

या हिशेबात एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. पिढीचा प्रारंभ सर्वांत महागड्या कार्डांनी होतो. सामान्य ग्राहक ज्याची वाट पाहतो ते ‘साठ’ क्रमांकाचे कार्ड नंतर येते. जीटीएक्स १०६० दोन महिन्यांनी आले, आरटीएक्स २०६० चार महिन्यांनी, ३०६० पाच महिन्यांनी, ४०६० तर आठ महिन्यांनी, आणि ५०६० पुन्हा चार महिन्यांनी. म्हणजे आजपासून जो नव्या पिढीच्या मध्यम कार्डाची वाट पाहू लागेल, त्याची प्रतीक्षा २०२७ च्या उत्तरार्धापर्यंतही लांबू शकते. तोवर जुन्या कार्डावर काढावे लागणारे महिने हीच या थांबण्याची किंमत होय.

भाव उतरतीलच असे नाही

नवी पिढी आली की जुनी स्वस्त होते, हा नियम पूर्वी बऱ्याच अंशी खरा होता. आता त्यावर विसंबता येत नाही. आरटीएक्स ३०६० ची अमेरिकेतील जाहीर किंमत ३२९ डॉलर होती, ४०६० आणि ५०६० ची प्रत्येकी २९९ डॉलर. २९९ डॉलर म्हणजे सव्वीस-सत्तावीस हजार रुपये, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की रक्कम तीस हजारांपुढे जाते. कागदावर किंमत घटली, पण व्हिडिओ मेमरीही घटली. ३०६० मध्ये ती १२ जीबी होती, नंतरच्या दोघांत ८ जीबी. एएमडीचे आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी मेमरीसह जून २०२५ मध्ये ३४९ डॉलरना आले, तर इंटेलचे आर्क बी५८० डिसेंबर २०२४ मध्ये १२ जीबीसह २४९ डॉलरना. निव्वळ पिढीचा क्रमांक पाहून खरेदी करणाऱ्याने ही तुलना अवश्य करावी.

त्यातच २०२५ च्या अखेरीस मेमरीच्या चिपांची टंचाई सुरू झाली. जगातील बहुतांश मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडून त्यांच्या मालाला प्रचंड मागणी आहे. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये सामान्य ग्राहकांसाठीचा ‘क्रुशियल’ हा आपला व्यवसाय बंद करण्याची घोषणा केली. ग्राफिक्स कार्डांवरील मेमरीही याच कारखान्यांतून येत असल्याने, थांबलो तर स्वस्त मिळेल या आशेला आज भक्कम आधार उरलेला नाही.

२०२० चा अनुभवही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. त्या सप्टेंबरात आरटीएक्स ३० मालिका जाहीर होताच अनेकांनी आपली आरटीएक्स २०८० टीआय कार्डे घाईघाईने पडेल भावात विकली. नवे ३०७० अवघ्या ४९९ डॉलरना तेवढीच ताकद देणार, असे सांगितले गेले होते. पुढे टंचाई आणि क्रिप्टो चलनाचे मायनिंग यांमुळे नवी कार्डे जाहीर किमतीला मिळेनाशी झाली. हातचे सोडून पळत्याच्या पाठीमागे लागलेल्यांच्या हाती काहीच राहिले नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने मायनिंगची पद्धत सोडल्यावर हजारो वापरलेली कार्डे बाजारात आली, तोवर दोन वर्षे उलटून गेली होती.

दाव्यांचा अर्थ

नव्या कार्डाच्या जाहिरातीतील आकडे जपून वाचावेत. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी ५४९ डॉलरचे आरटीएक्स ५०७० हे १,५९९ डॉलरच्या ४०९० इतकी कामगिरी देईल असे सांगितले. ही तुलना ‘फ्रेम जनरेशन’ या तंत्राच्या आधारावर होती. या तंत्रात कार्ड खऱ्या दोन चित्रचौकटींच्या मधल्या चौकटी स्वतः रचून भरते. दृश्य अधिक सुरळीत दिसते, पण माऊस हलवल्यावर गेमने प्रतिसाद देण्याचा वेग त्या प्रमाणात वाढत नाही. मूळ चौकटीच कमी असतील, तर या भरणीने गेम खेळण्याजोगा होत नाही. म्हणून कोणत्याही दाव्यात फ्रेम जनरेशन बंद असतानाचा आकडा शोधावा.

आधी आपले यंत्र तपासा

पुष्कळदा अडचण कार्डात नसून अन्यत्र असते. गेम सुरू असताना कार्डाचा वापर किती टक्के होतो हे पाहावे. तो ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्डाची ताकद कमी पडत आहे. तो साठ-सत्तर टक्क्यांवर अडला असून गेम तरीही अडखळत असेल, तर दोष बहुधा प्रोसेसरचा. दुसरी सोपी कसोटी म्हणजे रिझोल्युशन कमी करून पाहणे. त्यानेही फ्रेम वाढल्या नाहीत, तर नवे कार्ड घेऊन पैसे वाया जातील.

विजेचा प्रश्न स्वतंत्र आहे. जीटीएक्स १६५० च्या अनेक कार्डांना वेगळी विद्युतजोडणी लागत नाही, कारण ते ७५ वॉटवर चालते. आरटीएक्स ५०६० ला १४५ वॉट लागतात. जुना स्वस्त पॉवर सप्लाय तो भार पेलेलच असे नाही, तेव्हा त्याचा खर्चही हिशेबात धरावा. उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर जाणाऱ्या पांढुर्ण्यात कॅबिनेटमधील हवा खेळती असणे आवश्यक, तर गोव्याच्या दमट, खाऱ्या हवेत धूळ आणि ओलावा यांपासून जपणे आवश्यक. दाब खाली-वर होणाऱ्या गावात यूपीएसला पर्याय नाही.

कोणी घ्यावे, कोणी थांबावे

ज्यांच्याकडे जीटीएक्स ९०० वा १० मालिकेचे कार्ड आहे, त्यांची मुदत जवळपास संपली आहे. एनव्हिडियाने या कार्डांसाठी नव्या गेमना अनुरूप ड्रायव्हर देणे ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवले. सुरक्षेच्या दुरुस्त्या तेवढ्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळतील. ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आणि ‘डूम : द डार्क एजेस’ हे गेम रे ट्रेसिंगची यंत्रणा नसलेल्या कार्डावर चालण्यासाठी बनलेलेच नाहीत. असे नवे गेम खेळायचे असतील आणि हाती पैसा असेल, तर या गटाने पुढच्या पिढीसाठी दीड वर्ष खोळंबण्यात अर्थ नाही.

आरटीएक्स ३०६० वा त्यावरचे कार्ड असून १०८० पी मॉनिटरवर खेळणाऱ्यांनी निश्चिंतपणे थांबावे. सेटिंग एक पायरी खाली आणण्याला काहीच खर्च येत नाही. ‘व्हॅलोरंट’ किंवा ‘काउंटर-स्ट्राइक २’ इतकेच खेळणाऱ्यांनाही घाई नको. ‘जीटीए ६’ साठी आजच कार्ड घेणे तर अनाठायी ठरेल. रॉकस्टारने जाहीर केलेली १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज यांपुरती आहे, संगणकासाठीची तारीख कंपनीने दिलेली नाही.

१४४० पी मॉनिटर असणाऱ्याने किंवा कार्ड चार-पाच वर्षे वापरणाऱ्याने ८ जीबीऐवजी १२ किंवा १६ जीबी मेमरी पाहावी. वापरलेले कार्ड घेताना मूळ बिल, उरलेली हमी आणि प्रत्यक्ष अर्धा तास गेम चालवून पाहणे या तिन्ही गोष्टींचा आग्रह धरावा. ऑनलाइन मागवताना हमीची सेवा कोणत्या शहरात मिळते हे आधी विचारावे, कारण बिघडलेले कार्ड दूर पाठवण्याचा खर्च आणि विलंब ग्राहकालाच सोसावा लागतो.

साधा नियम असा की, तारीख आणि किंमत जाहीर झालेली असेल आणि वाट दोन-तीन महिन्यांचीच असेल, तर थांबावे. अफवेसाठी थांबू नये. संत्र्याची बाग फळे झाडावर असतानाच व्यापाऱ्याला देणारा शेतकरी पुढे भाव चढेल की पडेल हे जाणत नसतो. हाती येणारी रक्कम, घरची गरज आणि आपली जोखीम पेलण्याची ताकद पाहून तो ठरवतो. कार्ड घेणाऱ्यानेही आपला गेम, आपला मॉनिटर आणि आपला खिसा पाहून ठरवावे. एकदा घेतल्यावर मात्र पुढच्या पिढीच्या बातम्यांनी मन खट्टू करून घेऊ नये. त्या येतच राहणार आहेत.