काट्याचं वजन

भिंतीवरच्या घड्याळाचं नाव निघालं की मोरबी आठवते. तिथे १९७१ मध्ये ओधवजी पटेल या शिक्षकाने ‘अजंता’ सुरू केली आणि पुढे क्वार्ट्झ मशीन आल्यावर घड्याळ गरिबाच्या भिंतीवरही गेलं. पुण्यात गुजर कुटुंबाने ‘ओपल’ उभी केली ती वेगळ्या हिशेबाने: दिवाणखान्याची शोभा ठरेल असं महागडं घड्याळ. २०१३ मध्ये ही कंपनी नॅशनल स्टॉक एक्स्चेंजच्या ‘इमर्ज’ या लहान उद्योगांच्या मंचावर शेअर बाजारात उतरली. यावर हमखास घेतला जाणारा आक्षेप असा की, क्वार्ट्झ मशीन सगळीकडे सारखंच. मग हा धंदा सजावटीचा झाला, घड्याळाचा कसला? आक्षेप वरवर बिनतोड वाटतो, पण मला तो मान्य नाही, आणि त्याचं कारण काट्यात आहे.

मशीनमधला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. सर्किट ही संख्या पंधरा वेळा निम्मी करतं, तेव्हा सेकंदाला एक ठोका उरतो. त्या ठोक्यावर इवलंसं चुंबक अर्धा फेरा घेतं आणि प्लॅस्टिकची चाकं काटा पुढे सरकवतात. हे सगळं दीड व्होल्टच्या सेलवर, त्यामुळे जोर अगदी बेताचा. आता याच मशीनवर वीतभर लांबीचा नक्षीदार धातूचा काटा बसवा. बारापासून सहापर्यंत तो स्वतःच्या वजनाने उतरतो. सहानंतर मात्र त्याला उचलावं लागतं, आणि नऊवर तो आडवा असताना ओझं सर्वांत जास्त. सेल उतरला की घरोघरी सेकंदकाटा नेमका नऊच्या आसपास थरथरत राहतो तो म्हणूनच. यावर उपाय म्हणजे पत्रा पातळ घेणं, आसापलीकडे शेपटी काढून तोल साधणं, नाहीतर जास्त ताकदीचं मशीन लावणं. म्हणजे शोभेच्या प्रत्येक ग्रॅमचा हिशेब मशीनला द्यावा लागतो. हा हिशेब जमणं म्हणजेच घड्याळ करणं.

मोबाइल आला, आता भिंतीवर घड्याळ कशाला, हा प्रश्न मला फारसा छळत नाही. मोबाइलची वेळ एकट्याची, भिंतीवरची साऱ्या घराची. वास्तुशांतीला घड्याळ भेट देतात ते उगाच नाही. काळजी वेगळीच आहे. चांगलं घड्याळ वीस वर्षं उतरवावं लागत नाही. मशीन बिघडलंच तर कोपऱ्यावरचा घड्याळजी थोडक्या पैशांत नवं बसवून देतो, चौकट तीच राहते. गिऱ्हाईक परत येत नाही, आणि भागधारकांना मात्र दर सहामाहीला वाढ दाखवावी लागते. त्यात नक्कल. फोटो पाहून चौकट आणि डायल कुणीही उतरवून घेतो. काट्याचा तोल फोटोत दिसत नाही. दुकानात नव्या सेलवर दोन्ही घड्याळं सारखीच चालतात. फरक कळतो तो काही महिन्यांनी, नऊच्या चढावर, आणि तोवर पैसे देऊन झालेले असतात.