कुंडलिकेचे उधारीचे पाणी

पुण्याहून ताम्हिणी घाटाने कोकणात उतरताना मुळशी धरणाचा जलाशय बराच वेळ आपल्या सोबतीला असतो. प्रवासी क्षणभर थांबतात, छायाचित्रे घेतात आणि पुढे निघतात. गेल्या कार्तिकात आम्हीही तसेच केले. दिवाळीचा हंगाम आटोपला होता. मुलांच्या हट्टाखातर दोन दिवसांसाठी दुकान मुनीमजींवर सोपवून, धाकटे बंधू व त्यांच्या कुटुंबासह आम्ही कोलाडला राफ्टिंगसाठी निघालो होतो. जे पाणी आपण गाडीतून पाहत आहोत, तसलेच पाणी उद्या सकाळी आपल्याला घाटाच्या पायथ्याशी वाहून नेणार आहे, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते.

या पाण्याचा प्रवास मोठा विलक्षण आहे. मुळा ही स्वभावतः पूर्ववाहिनी नदी. पुण्यात ती मुठेला मिळते. पुढे भीमा आणि कृष्णा या नद्यांच्या मार्गाने तिचे पाणी बंगालच्या उपसागराकडे जाते. परंतु मुळशीला अडवलेले पाणी सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरून सुमारे ५०० मीटर खाली, भिरा येथील टाटांच्या वीजगृहात उतरवले जाते. हे वीजगृह १९२७ साली सुरू झाले. वीज निर्माण झाल्यावर तेच पाणी कुंडलिकेच्या पात्रात येते आणि कोलाड, रोहा ओलांडून रेवदंड्यापाशी अरबी समुद्राला मिळते. म्हणूनच कोकणातील इतर लहान नद्या उन्हाळ्यात दगडगोट्यांच्या वाटा होऊन पडतात, तेव्हाही कुंडलिका वाहती असते. मात्र हे पाणी वीजनिर्मितीच्या वेळापत्रकाने येते, म्हणून राफ्ट सकाळी सोडतात. ज्याला उशीर झाला, त्याच्यासाठी नदी थांबत नाही.

सकाळी आम्ही साजे गावाजवळच्या काठावर पोहोचलो. दोन्ही तीरांवर दाट झाडी, मध्ये अरुंद पात्र आणि त्यात फेसाळत उतरणारे पाणी. खळाळाच्या अवघडपणाच्या १ ते ६ अशा आंतरराष्ट्रीय श्रेणी आहेत. कुंडलिका साधारणतः दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीत मोडते. श्रेणी ऐकून मला ते सारे सोपे वाटले. पण या नदीचा स्वभाव वेगळा आहे. मोठ्या नद्यांत एक खळाळ संपला की शांत डोह लागतो, दम खाता येतो. येथे वरच्या टप्प्यात एकाला लागून दुसरा खळाळ येतो. मध्ये विचार करायला सवड नसते. जे काही ठरवायचे, ते काठावरच ठरवावे लागते.

आणि काठावर मी काय करीत होतो? गाईड समजावून सांगत होता आणि मी दूरध्वनीवर, न पोहोचलेल्या एका मालाची चौकशी करीत होतो. सूचना संपता संपता मी येऊन उभा राहिलो, जॅकेटचे पट्टे कसेबसे ओढले आणि राफ्टमध्ये बसलो.

तिसऱ्या की चौथ्या खळाळात राफ्ट एका खडकाला घासून तिरपी झाली. सर्वांनी आत वाकून बसण्याची हाक गाईडने दिली होती. त्या हाकेचा अर्थ माझ्याखेरीज सर्वांना ठाऊक होता. मी पाण्यात पडलो. पाणी छातीपर्यंतच असावे, असे वाटले, म्हणून सहज प्रवृत्तीने मी पाय टेकून उभे राहण्याची धडपड करू लागलो. तेवढ्यात माझ्या सोळा वर्षांच्या कन्येचा आवाज कानी आला, “पप्पा, उभे राहू नका! पाय वर करा, पाठीवर पडून राहा!” मी तसे केले. पाय पुढे, प्रवाहाच्या दिशेने, अंगठे पाण्याबाहेर. थोड्याच अंतरावर सोबतच्या कयाकवाल्याने मला गाठले. हा सारा प्रकार अर्ध्या मिनिटाचाही नसेल.

नंतर काठावर गाईडने शांतपणे समजावले. वेगवान पाण्यात उभे राहिले आणि पाय खडकांच्या फटीत अडकला, तर मागून येणारा प्रवाह माणसाला पुढे आडवा पाडतो आणि कमरेएवढ्या पाण्यातही जीव जाऊ शकतो. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. तेथे अंगातल्या बळाचा उपयोग नाही. जंगलातल्या अरुंद नदीत आणखी एक धोका असतो, तो उन्मळून पात्रात आडव्या पडलेल्या झाडांचा. फांद्यांतून पाणी निघून जाते, माणूस मात्र चाळणीत अडकावा तसा अडकतो. म्हणून अशा झाडापासून लांब राहणे, हाच एक उपाय.

ज्या कुटुंबांना अशा सहलीस जावयाचे असेल, त्यांच्यासाठी स्वानुभवातून काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात. राफ्टमध्ये अनुभवी गाईड आणि पाण्यात सोबतीला बचावाचा कयाक आहे ना, याची आधी खात्री करावी. हेल्मेट व लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या मापाचे असावे. जॅकेट खांद्याला धरून वर ओढले असता हनुवटीपर्यंत सरकू नये. चौदा वर्षांखालील मुले, गरोदर भगिनी, हृदयविकार वा उच्च रक्तदाब असलेले ज्येष्ठ यांनी काठावरूनच आनंद घ्यावा. यातील एकही गोष्ट कमी असेल, तर भरलेले पैसे सोडून परत फिरावे. सौद्यातील नुकसान भरून काढता येते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सूचना ऐकताना दूरध्वनी बंद ठेवावा.

खालच्या टप्प्यात नदी शांत होते. तेथे बंधूंनी भिऱ्याकडे बोट दाखवून गाईडला पाण्याविषयी विचारले आणि ते कोठून येते हे आम्हाला प्रथमच कळले. परतीच्या वाटेवर मुळशीच्या काठी गाडी थांबवून मी मुलांना १९२१ सालच्या सत्याग्रहाची हकीकत सांगितली. या धरणाखाली आपली शेते आणि घरे जाणार, म्हणून मावळातील शेतकरी उभे राहिले. त्यांचे नेतृत्व करणारे पांडुरंग महादेव बापट त्यासाठी तुरुंगात गेले आणि ‘सेनापती’ म्हणून ओळखले जाऊ लागले. लढा १९२४ पर्यंत चालला. धरण झालेच. गावे पाण्याखाली गेली.

“मग आपण ज्यावर मजा केली, ते पाणी कोणाचे?” कन्येने विचारले.

आयुष्यभर येणे-देणे लिहिणाऱ्या माझ्याजवळ त्याचे नेमके उत्तर नव्हते. एवढेच म्हणालो, “काही देणी फिटत नाहीत, बाळा. पण म्हणून ती खात्यातून खोडायची नसतात.”

आता ताम्हिणीने जाताना आम्ही जलाशयापाशी थांबतो. छायाचित्रांसाठी नव्हे, तर ज्यांचे देणे आहे त्यांची आठवण ठेवण्यासाठी.