सूक्ष्मनलिका: कायमच्या खांबांचा गैरसमज

सूक्ष्मनलिका म्हणजे पेशीला आधार देण्यासाठी एकदाच उभारलेला आणि मग जागचा न हलणारा सांगाडा, हा समज पाठ्यपुस्तकांतील निश्चल आकृत्यांनी इतका पक्का केला आहे की जीवशास्त्राचे पदवीधरही तो निमूटपणे पुढे चालवतात. प्रत्यक्षात अल्फा आणि बीटा ट्युब्युलिन या प्रथिनांच्या सुमारे ८ नॅनोमीटर लांबीच्या जोड्या एकापुढे एक जुळून धागे बनतात आणि सहसा असे १३ धागे शेजारी शेजारी जुळून सुमारे २५ नॅनोमीटर व्यासाची पोकळ नळी तयार होते. नव्याने येणाऱ्या जोडीतील बीटा ट्युब्युलिनला जीटीपी हा ऊर्जायुक्त रेणू चिकटलेला असतो. जोडी नळीत बसल्यावर लवकरच त्याचे जीडीपीमध्ये रूपांतर होते आणि धागा बाहेर वळू पाहतो. वाढत्या टोकावर जीटीपीयुक्त जोड्यांची टोपी शाबूत आहे तोवरच नळी वाढते, आणि टोपी गेली की ती झपाट्याने उसवते. टिम मिचिसन आणि मार्क किर्शनर यांनी १९८४ मध्ये 'नेचर'मध्ये मांडलेले हे गतिमान अस्थैर्य आहे.

'नळ्या जितक्या पक्क्या, तितकी पेशी सुदृढ' असे तरीही म्हणणाऱ्यांनी पॅक्लिटॅक्सेलचे काय करायचे ते सांगावे. सुसान हॉर्विट्झ यांच्या गटाने १९७९ मध्ये दाखवल्याप्रमाणे हे औषध नळ्यांना स्थैर्य देते आणि त्यामुळेच कर्करोगाच्या पेशीचे विभाजन अडते, कारण गुणसूत्रे पकडून दोन ध्रुवांकडे ओढणाऱ्या, याच नळ्यांच्या बनलेल्या तुर्कतंतूंना सतत वाढावे आणि आखडावे लागते. सदाफुलीतील विनब्लास्टिन नेमके उलट, म्हणजे नळ्या जुळू न देण्याचे काम करते, तरी परिणाम तोच होतो. चेतापेशींतील काही नळ्या बऱ्याच टिकाऊ असतात हे खरे, परंतु ते टिकाऊपण त्यांना बिलगलेली प्रथिने राखतात.

नळ्या केवळ विभाजनापुरत्या असतात, हेही चूक आहे: कायनेसिन आणि डायनिन ही प्रथिने त्यांच्यावरून पेशीतील माल वाहतात, आणि डायनिन गटाने अधिक जोर लावते, हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील रूप मलिक यांच्या गटाने २०१३ मध्ये 'सेल'मध्ये दाखवले.

हळदीने कर्करोग बरा होतो, याला पवईच्या आयआयटीचा दाखला दिला जातो. तेथील दुलाल पांडा यांच्या गटाने २००६ मध्ये हळदीतील कर्क्युमिन ट्युब्युलिनला चिकटून नळ्यांची जुळणी रोखते असे दाखवले खरे, पण ते प्रयोगशाळेत, आणि आहारातील कर्क्युमिन रक्तात अत्यल्प उतरते.

वनस्पतीजन्य म्हणजे निरुपद्रवी, हा समज तर जिवावर बेततो: पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीच्या कंदातील कोल्चिसिनही ट्युब्युलिनलाच धरते, ते डॉक्टरांनी ठरवलेल्या अल्प मात्रेत गाऊटवर औषध ठरते आणि कंद खाल्ल्यास प्राण घेऊ शकते.