खांद्यावरचा पोपट

मदुरेची मीनाक्षी आणि श्रीविल्लिपुत्तूरची आंडाळ या दोघींजवळहि पोपट असतो, आणि तो असतो हातावर. आपल्याकडील जुन्या शिल्पकारांनीं पोपटाशीं बोलणारी स्त्री घडविली, ती देखील बहुधा मनगटावर पोपट घेतलेली. खांद्यावरचा पोपट प्रसिद्धीस आला तो मुख्यतः पाश्चात्य गोष्टींतून. १८८३ सालीं स्टीव्हन्सनची 'ट्रेझर आयलंड' ही कादंबरी पुस्तकरूपानें निघाली. तिच्यांतला कुबडी घेऊन चालणारा लाँग जॉन सिल्व्हर खांद्यावर पोपट बसवून वावरतो. पुढें चित्रपटांनीं तें चित्र घरोघरीं पोंचविलें. हल्लीं आपल्या शहरांतहि मोठे परदेशी पोपट पाळण्याची हौस दिसते, आणि पक्षी घरीं येतांच त्याला खांद्यावर घ्यावें असें प्रत्येकाला वाटतें. ही हौस सर्वस्वीं वाईट नाहीं. मात्र ती पुरविण्याचा क्रम चुकला, तर गाल, कान आणि प्रसंगीं डोळाहि पणाला लागतो.

आरंभींच एक खुलासा हवा. आपल्या देशांतला राघू किंवा पहाडी पोपट पकडणें, विकणें अथवा पिंजऱ्यांत ठेवणें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें मना आहे. शेजारच्या सज्जांत तो टांगलेला दिसतो म्हणून तें कायदेशीर ठरत नाहीं. येथें विचार आहे तो मकाव, काकाकुवा, आफ्रिकेंतील राखी पोपट अशा परदेशी जातींचा. त्यांच्याहि बाबतींत २०२२ सालची कायद्याची दुरुस्ती व तीनंतरचे नोंदणीचे नियम पाळूनच पक्षी घरीं आणावा लागतो.

दक्षिण अमेरिकेंतला निळा-पिवळा मकाव उदाहरणादाखल घ्यावा. चोचीपासून शेपटीच्या टोंकापर्यंत तो ८० ते ९० सेंटिमीटर भरतो. वजन सुमारें एक किलो. पायाचीं दोन बोटें पुढें व दोन मागें, त्यामुळें पकड चिमट्यासारखी. वरची चोच कवटीशीं सांध्यानें जोडलेली असल्यानें तीहि हलते, आणि कठीण कवचाचीं फळें तो सहज फोडतो. हीच चोच तो चढतांना तिसऱ्या पायासारखी वापरतो. नव्या फांदीवर पाऊल ठेवण्यापूर्वीं ती भार सोसेल कीं नाहीं हें तो चोचीनें दाबून पाहतो. पुढें केलेल्या हातावरहि तोच प्रयोग करतो. नवख्या माणसाचा पहिला घोटाळा येथेंच होतो. चोच लागली म्हणजे चावा आला असें समजून तो हात झटकन् मागें घेतो. पक्ष्याला वाटतें, ही फांदी भरंवशाची नाहीं. पुढच्या वेळीं तो अधिक घट्ट धरतो, आणि मग खरोखरच चावा बसतो. दोष मात्र पोपटाच्या माथीं!

पोपट पाळणारांत एक समजूत फार रूढ आहे. पक्षी माणसाच्या डोळ्यांहून उंच बसला म्हणजे तो स्वतःला घराचा धनी समजूं लागतो, आणि म्हणून खांदा देऊं नये, असें सांगितलें जातें. या समजुतीला भक्कम आधार नाहीं. खांद्याचा धोका निराळाच आहे, आणि तो अगदीं साधा आहे: तेथें बसलेल्या पक्ष्याचें तोंड माणसाला दिसत नाहीं. पोपट चावण्यापूर्वीं बहुधा सूचना देत असतो. त्याच्या डोळ्यांतली बाहुली भराभर लहान-मोठी होते, मानेवरचीं पिसें उभीं राहतात, शेपटी पंख्यासारखी पसरते. मकावाच्या गालांवरची उघडी पांढरी कातडी लालसर होते. हातावर बसलेल्या पक्ष्याच्या या खुणा समोर वाचतां येतात. तोच पक्षी खांद्यावर गेला कीं माणसाला कळतो तो फक्त त्याचा भार आणि नखांचा दाब. बरें, काय झालें तें पाहावें म्हणून मान वळवावी, तर नाक नेमकें चोचीसमोर येतें.

शिवाय खांद्यावर घडणारा चावा पुष्कळदां माणसावरच्या रागाचा नसतोच. दारावरची घंटा वाजते, पाहुणे आंत येतात, किंवा पोपटाला न आवडणारें घरांतलेंच कोणी जवळ येऊन बसतें. त्याच्यावर धांवून जावें तर अंतर आड येतें. मग सर्वांत जवळ जो गाल असतो तो सांपडतो. चिडलेल्या पक्ष्याचा आवडता माणूसच अशा वेळीं जखमी होतो. म्हणून घरांत कोणी येणार असेल तेव्हां, अथवा पक्षी आधींच बावचळलेला असेल तेव्हां, खांदा देण्याचा विचारच करूं नये. मकाव वयांत येऊं लागला म्हणजे चार-दोन वर्षें शांत असलेला त्याचा स्वभावहि पालटतो. त्या काळांत तर विशेष जपावें.

तेव्हां शिक्षणाचा आरंभ हातावरच व्हावा. मकावासारख्या पक्ष्याला बोट पुरत नाहीं. कोपरापुढचा हात आडवा धरून तो त्याच्या पोटाशीं, पायांच्या किंचित् वर, हलकेच टेकवावा आणि "चढ" म्हणावें. चढला कीं अक्रोडाचा तुकडा. मग दांडीजवळ नेऊन "उतर" म्हणावें. उतरला कीं पुन्हां तुकडा. उतरण्याचें बक्षीस बहुतेक जण विसरतात, आणि सगळी अडचण पुढें उतरवितांनाच येते. पोपटाचा कल नेहमीं वर चढण्याकडे असतो. यासाठीं कोपर खालीं, अंगालगत ठेवावें आणि मनगट त्याहून उंच धरावें. म्हणजे सर्वांत उंच जागा मनगटच ठरतें आणि तो तेथेंच राहतो. हात सैल सोडून कोपर उचललें, कीं तो आपण होऊन खांद्यावर धांवला म्हणून समजावें. खांदा त्याला मिळावा तो बोलावल्यावर, धांवून नव्हे.

सांगतांक्षणीं चढणें आणि सांगतांक्षणीं उतरणें हें अनेक दिवस बिनचूक जमूं लागलें, म्हणजे पक्ष्याला खांद्याशीं न्यावें. पहिल्या दिवशीं एक-दोन मिनिटें पुरेत. उतरवितांना हात तोंडावरून आडवा नेऊं नये. पक्षी पाठीकडे सरकतो, आणि तेथें तो कोणाच्याच हातीं लागत नाहीं. त्याच्या पायांपुढें दांडी धरावी, नाहीं तर खुर्चीच्या पाठीशीं वांकून त्याला आपणच उतरूं द्यावें. चावा बसलाच, तर ओरडूं नये. आरडाओरडा पुष्कळ पक्ष्यांना करमणुकीसारखा वाटतो, आणि खांदा झटकल्यास पडण्याच्या भीतीनें तो अधिकच घट्ट धरतो. त्याला निमूटपणें खालीं ठेवावें, जखम साबण व पाण्यानें धुवावी. ती डोळ्याजवळ असेल तर डॉक्टरकडे जाण्यास विलंब लावूं नये. लहान मुलांच्या खांद्यावर मोठा पोपट मुळींच देऊं नये. त्यांची सगळी उंची चेहऱ्याजवळच संपते.

पोषाखाचाहि विचार हवा. कर्णभूषणें, चष्मा, गळ्यांतली साखळी आधीं काढून ठेवावी. सदऱ्याचीं बटणें हीं आपल्यासाठींच शिवलेलीं आहेत अशी प्रत्येक पोपटाची खात्री असते. खांद्यावर जाड पंचा घडी करून घ्यावा. ओठांत धरून घास देण्याचा प्रकार कितीहि गोड दिसला तरी तो टाळावा; माणसाच्या लाळेंतले जंतु पक्ष्याला बाधतात, आणि पोपटांपासून माणसालाहि फुफ्फुसाचा एक रोग होऊं शकतो. काकाकुवा व राखी पोपट यांच्या पिसांतून बारीक भुकटी झडते. दमेकऱ्यानें तें ध्यानांत ठेवावें.

आतां पक्ष्याच्या जिवाविषयीं. छताचा पंखा बंद केल्याशिवाय त्याला पिंजऱ्याबाहेर काढूंच नये. खांद्यावर घेऊन स्वयंपाकघरांत जाऊं नये. तेथें विस्तव व उकळतें पाणी तर असतेंच; शिवाय अन्न न चिकटणारा लेप दिलेला तवा फार तापला, तर त्यांतून निघणाऱ्या वायूनें पक्षी पाहतां पाहतां गतप्राण होतो. गच्चीवर नेण्याचा मोह होतो, आणि "याचे पंख कापलेले आहेत" हें उत्तर तयार असतें. पण कापलेल्या पंखांनींहि वाऱ्याच्या एका झोतावर पोपट बराच लांब जातो. वर घारी आणि कावळे टपलेले असतातच. बाहेर न्यायचेंच असेल तर अंगांत बसणारा पट्टा आधीं घरांत संवयीचा करावा, नाहीं तर पिंजऱ्यांतून न्यावें.

एका वेळीं दहा-पंधरा मिनिटांहून अधिक काळ खांदा देण्याचें कारण नाहीं. तोंवर बहुतेक पक्ष्यांची वेळ भरत येते. त्यानें दोन पावलें मागें सरून शेपटी किंचित् उचलली, कीं तत्काळ दांडीकडे न्यावें; पंचा घेतलेला असला तरी सदऱ्याची पाठ त्याच्या आवांक्याबाहेर नसते.