पलटणीचे बळ तोसदानात

मराठी फौजेतल्या कवायती पायदळाविषयी लिहिणारे बहुधा बंदुकीपाशी थांबतात. पाहायला हवे ते शिपायाच्या खांद्यावरून पट्ट्याने लटकणारे तोसदान. सावोयच्या बेन्वा द बॉयनने १७८४ मध्ये महादजी शिंद्यांसाठी पहिल्या दोन पलटणी उभ्या केल्या, पुढे आग्र्याला सँग्स्टर या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली तोफा-बंदुका घडू लागल्या. पण त्या पलटणींच्या माऱ्याचे बळ त्या कातडी पेटीतल्या काडतुसांत होते.

काडतूस म्हणजे कागदाची सुरळी, आत मोजून घातलेली दारू आणि शिशाची गोळी. शिपाई सुरळीचे टोक दातांनी फाडी, चिमूटभर दारू रंजक म्हणून बंदुकीच्या कानाजवळच्या, म्हणजे नळीत आग पोचवणाऱ्या छिद्राजवळच्या, वाटीत घाली, उरलेली नळीत ओती आणि मागोमाग गोळी नि कागद गजाने ठासी. घोड्यात बसवलेली गार पोलादावर आपटली की ठिणगी पडे. इंग्रजी बंदुकीची नळी पाऊण इंची, गोळी मात्र सुमारे ०.६९ इंचाची. हा फरक मुद्दाम ठेवलेला होता, कारण काही बारांतच नळीत इतकी काजळी धरे की मापाची गोळी आत उतरलीच नसती. नेम सैल झाला, पण सरावलेला शिपाई मिनिटाला तीन बार काढू लागला. कान चोंदला तर मोकळा करायला पट्ट्याला तार आणि कुंचला असे. गार वीस-तीस बारांत बोथटे, म्हणून जादा गारा जवळ ठेवाव्या लागत. हा पुरवठा आटला की बंदूक म्हणजे संगीन लावायचा दांडा.

त्याआधीची, जळत्या वातीने उडणारी तोड्याची बंदूक काय वाईट होती, असे कोणी म्हणेल. लांब नळीच्या हिंदुस्थानी बंदुकीचा पल्ला मोठा होता, हे तिचा मारा सोसलेल्या इंग्रजांनीही नोंदवले आहे. गडाच्या तटावरून लढायला ती उत्तमच. पण हातात जळता तोडा आणि कमरेला शिंगड्यात सुटी दारू, अशी माणसे खांद्याला खांदा भिडवून उभी करता येत नाहीत. अंतर ठेवावे लागते, आणि त्या अंतरातूनच घोडदळ आत घुसते. गार आणि बंद काडतूस यांमुळे रांग दाटीने उभी राहू शकली.

खरे श्रेय कवायतीचे, हा दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. तरी कवायत म्हणजे याच वस्तू ठरल्या क्रमाने हाताळण्याची सवय. तोसदान रिकामे असेल तर हुकूम कशाचा द्यायचा? मग २३ सप्टेंबर १८०३ ला असईच्या लढाईत शिंद्यांच्या पलटणी का हरल्या? काडतुसे सेनापतीची उणीव भरून काढत नाहीत, आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या बोलावण्यावरून बरेच अधिकारी त्याआधीच शिंद्यांना सोडून गेले होते. तरीही कंपनीचा सेनापती वेलस्ली याची दीड हजारांवर माणसे मेली किंवा जखमी झाली.

शिपायाच्या या सरंजामाकडे किरकोळ म्हणून पाहणे किती महागात पडते, हे पुढे कंपनीलाच कळले. १८५७ मध्ये एन्फील्ड बंदुकीच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून शिपाई बिथरले, तेव्हा काडतूस दातांऐवजी हाताने फाडावे असा बदल कवायतीत करण्यात आला. तोवर शिपायांचा विश्वास उडाला होता.